ओढ्याचं पाणी तपासायचंय? मग आधी ओढा चालून या

आमच्या गल्लीच्या मागून वाहणारा ओढा पुढे दीड-दोन किलोमीटरवर पंचगंगेला मिळतो. वडिलांची पिढी त्यात पोहायला शिकली, आमची पिढी नाकाला रुमाल लावून त्याच्यावरचा पूल ओलांडायला शिकली. तीन वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या दोन-तीन घरांत एकाच आठवड्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्या घरांची बोअर ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. मंडळाच्या पोरांनी ठरवलं, पाणी तपासून घेऊ. त्यात काय एवढं, बाटली भरायची आणि लॅबला द्यायची.

पहिले चार महिने आम्ही जे केलं ते जवळजवळ सगळं चुकलं. पैसे गेले, वर भर ग्रामसभेत एका भल्या माणसावर नसता आळ घेतला. तुमची तेवढी फरफट वाचावी म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घ्या. ओढा घाण आहे हे कळायला लॅब लागत नाही, नाक पुरतं. तपासणी करायची ती घाण कुठून शिरते ते शोधायला. आम्हाला हे उशिरा उमगलं आणि त्यानंतरच काम मार्गी लागलं.

१. कोणती घाण शोधताय ते ठरवा

कोल्हापुरात नदी प्रदूषण म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते मळीमिश्रित काळं पाणी आणि बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच. ते दुखणं वेगळं. मळी किंवा सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. जंतूंचं तसं नाही. मासे खेळतायत, तळ दिसतोय अशा निवळशंख पाण्यातही जंतू भरपूर असू शकतात.

लॅब मोजते ते कॉलिफॉर्म नावाचे जंतू. अहवालात तीन शब्द दिसतील. *एकूण कॉलिफॉर्म* मातीत आणि कुजक्या पाल्यातही सापडतात, त्यामुळे ओढ्याच्या बाबतीत या आकड्यावरून फारसं कळत नाही. *विष्ठाजन्य कॉलिफॉर्म* आणि *ई. कोलाय* हे माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातून येतात. यांपैकी एक तरी मागून घ्या. हे जंतू बहुतेक वेळा स्वतः आजार करत नाहीत, पण पाण्यात मैला मिसळलाय याची खूण देतात. विषमज्वर, कॉलरा, हगवण यांचे जंतू त्याच वाटेनं येतात.

काविळीचा विषाणूही त्याच वाटेनं येतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली ती आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. पण कॉलिफॉर्मच्या तपासणीत विषाणू दिसत नाही, आणि क्लोरिनपुढे तो जंतूंपेक्षा जास्त तग धरतो. म्हणून कॉलिफॉर्मचा आकडा कमी आला की काविळीची भीती गेली, असं कुणाला सांगू नका.

शिवाय ही साधी तपासणी माणूस आणि म्हैस यांत फरक करत नाही. घरटी म्हैस असलेल्या आपल्या भागात याचा अर्थ काय होतो, ते पुढे येईलच.

२. ओढा चालून या, तोही उलटा

बाटली विकत घ्यायच्या आधी हे करा. जानेवारी-फेब्रुवारीतला कोरडा दिवस निवडा आणि सकाळी सहा-साडेसहाला निघा. त्या वेळी घराघरांत आंघोळी, संडास, धुणं चालू असतं आणि गोठेही धुतले जात असतात. जे पाइप दुपारी कोरडे ठणठणीत दिसतात, ते सकाळी वाहत असतात. आम्ही आधी रविवारी दुपारी चार वाजता गेलो होतो आणि "दोनच पाइप आहेत" असं वहीत लिहून आलो. सकाळी मोजले तर नऊ भरले.

नदीच्या तोंडाकडून उगमाकडे चाला. असं गेल्यावर ओढ्यात येऊन मिळणारं प्रत्येक पाणी समोरून दिसतं. वहीत लिहा: पाइप कोणत्या काठाला, पाणी कसलं (साबणाचं, शेणाचं, संडासाचं), किती जाड धार, वास कसा. मोबाइलवर लोकेशनसह फोटो घ्या. गोठे, उकिरडे, मटणाची दुकानं, धुण्याच्या जागा, जुनी सार्वजनिक शौचालयं, सगळं टिपा.

गमबूट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नका आणि एकटे जाऊ नका. पायाला भेगा किंवा जखम असेल तर काठावरच थांबा, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो. पावसाळ्यात ही पायपीट नकोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात, पण ओढ्याकाठी पाणी चढायला तेवढी वाट बघावी लागत नाही. नदी वाढली की तिचं पाणी ओढ्यात मागे सरकतं. अशा फुगवट्यात घेतलेला नमुना ओढ्याचा नसतो, नदीचा असतो.

बंधाऱ्याचंही तसंच. खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल आणि बरगे, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतील, तर वरचं पाणी तुंबून राहतं आणि जंतू गाळात बसतात. बरगे काढले की तो गाळ ढवळून वर येतो. म्हणून वहीत दर वेळी लिहा: बरगे घातलेले की काढलेले.

३. जागा जोडीनं निवडा

इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. पुलाखालून एकच नमुना घेतला, आकडा दणदणीत आला. पुलाच्या अलीकडे एका मामांचा आठ म्हशींचा गोठा. झालं! ग्रामसभेत कागद फडकावून आम्ही बोट त्यांच्याकडे दाखवलं. मामा काही बोलले नाहीत, उठून गेले.

दोन महिन्यांनी गोठ्याच्या *वरचा* आणि *खालचा* असे दोन्ही नमुने घेतले. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. म्हणजे गोठ्यापर्यंत येतानाच पाणी भरलेलं होतं. आणखी वर सरकत गेल्यावर एका अपार्टमेंटच्या सेप्टिक टँकचा पाइप सापडला. थेट ओढ्यात सोडलेला आणि वर छान फरशी टाकून झाकलेला. मामांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि "आता तरी नीट बघा रे" एवढंच म्हणाले.

तर संशय असलेल्या प्रत्येक ठिकाणी एक नमुना वर आणि एक खाली. खालचा नमुना पाइपाच्या अगदी तोंडाशी घेऊ नका, पाणी नीट मिसळेल इतकं, साधारण चाळीस-पन्नास पावलं पुढे घ्या. सगळ्यात वर, वस्ती सुरू होण्याआधी, एक जागा ठेवा. सगळ्यात खाली, नदीला मिळण्याआधी, एक. सुरुवातीला पाच-सहा जागा पुरे. प्रत्येकीला पक्की खूण हवी: "पुलाचा तिसरा खांब, डावा काठ". "वडाजवळ" असं लिहू नका. आमच्या ओढ्याला तीन वड आहेत आणि पोरांत त्यावरून भांडणं झालीत.

४. जमवायचं सामान आणि कागद

- लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटल्या (पाण्याची रिकामी बाटली धुऊन चालत नाही)
- थर्माकोलचा डबा आणि बर्फ, शक्यतो बर्फाचे पॅक
- रबरी हातमोजे, गमबूट, साबण, प्यायचं पाणी वेगळं
- लांब काठी आणि तिला बाटली अडकवायचा क्लिप किंवा दोरी
- पाण्यानं न पुसणारा मार्कर, चिकटपट्टी, वही
- साधा थर्मामीटर
- ग्रामपंचायतीचं किंवा नगरसेवकाचं पत्र, ओळखपत्र, लॅबचा नमुना फॉर्म

पत्राला हसू नका. ते जवळ असलं की पाइपवाल्या बंगल्यातून "कोण तुम्ही?" असा आवाज आला तरी पोरांना बोलता येतं.

५. नमुना घेताना

बाटलीवर आधी लिहा, मग पाणी भरा. ओल्या बाटलीवर मार्कर चालत नाही, आणि हे समजायला आम्हाला सहा बाटल्या लागल्या.

खालच्या जागेपासून वर जात नमुने घ्या, म्हणजे तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येणार नाही. पाण्यात उभे असाल तर तोंड प्रवाहाच्या उगमाकडे करा. झाकण उघडा, पण खाली ठेवू नका आणि त्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बाटली तोंड खाली करून वीतभर खोल बुडवा, मग तोंड प्रवाहाकडे वळवून हात पुढे नेत भरा. वरचा फेस आणि तळचा गाळ, दोन्ही टाळा. काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा, लॅबला हलवायला लागते. बाटली आतून विसळायची नाही. क्लोरिन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ओढ्याला त्याची गरज नसते, पण नळाचा नमुना घेणार असाल तर मात्र तीच बाटली मागा, नाहीतर उरलेला क्लोरिन वाटेतच जंतू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो.

मग लगेच बर्फात. गोठवायचं नाही, गार ठेवायचं. सहा तासांच्या आत लॅबमध्ये पोचलं तर उत्तम, चोवीस तासांच्या पुढे गेलेला नमुना फेकून द्या. आमचा पहिला नमुना एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत अडीच तास होता. त्या आकड्याचा अर्थ आजही कुणाला सांगता येणार नाही.

दर फेरीला दोन जादा बाटल्या न्या. एकीत उकळून गार केलेलं पाणी ओढ्यावरच भरा. तिच्यात जंतू निघाले तर चूक तुमच्या हाताची. दुसरी म्हणजे एकाच जागेचा दुसरा नमुना, वेगळं नाव देऊन. दोन्हींचे आकडे आकाशपाताळाचे आले तर लॅबला विचारा.

६. लॅब गाठताना

आधी फोन करा. जंतू वाढवून मोजायला २४ ते ४८ तास लागतात, आणि खात्रीची चाचणी धरली तर त्याहून जास्त. म्हणून शनिवारी नमुना घ्यायला बरेच ठिकाणी नकार मिळतो. सोमवार ते बुधवार सकाळ, हा आमचा ठरलेला वेळ.

जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा प्रामुख्यानं पिण्याच्या स्रोतांसाठी आहेत. विहीर, बोअर, नळ यांचे नमुने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत (गावाच्या पिण्याच्या पाण्याची देखरेख करणारा माणूस) तिथे पाठवा. ओढ्याच्या पाण्यासाठी एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी लॅब किंवा पर्यावरणशास्त्र शिकवणारं कॉलेज गाठा. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी असतातच, ते तुमच्याबरोबर आनंदानं चालतील.

लॅबला हे वाक्य जरूर सांगा: "सांडपाणी मिसळलेल्या ओढ्याचा नमुना आहे, पातळ करून लावा." एमपीएन पद्धतीत, म्हणजे किती नळ्यांत जंतू वाढले त्यावरून आकड्याचा अंदाज काढतात त्या पद्धतीत, नमुना पातळ न करता नेहमीच्या पाच-पाच नळ्या लावल्या तर मोजणी १६०० च्या आसपास संपते. सगळ्या नळ्यांत जंतू वाढले की अहवालात "१६०० पेक्षा जास्त" येतं, मग खरा आकडा दोन हजार असो नाहीतर वीस लाख. आम्ही पहिल्यांदा सहा जागांचे नमुने दिले तेव्हा सहाही बाटल्यांचा अहवाल असाच आला होता. सहा जागा, एकच आकडा. त्यातून पाइप कसा सापडणार?

घरच्या घरी करायची एच-टू-एस बाटलीही मिळते. पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैला मिसळलेला असण्याची दाट शक्यता. ओढ्यासाठी ती वापरू नका, ती काळी होणारच. काठच्या बोअर-विहिरींसाठी मात्र स्वस्त आणि मस्त. फक्त आधीच गंधकाचा वास येणाऱ्या पाण्यात ती फसवते. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी घालून अर्धा तास ठेवा आणि मग संडासात ओता. गटारात नाही.

७. आकडा वाचताना

आकडा असतो १०० मिलिलिटरमागे. पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. आंघोळीच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कॉलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत आणि जास्तीत जास्त २५००, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पंचगंगा घाटावर डुबकी मारणाऱ्याला लागू होतो तो हाच.

एका आकड्यावर उडी मारू नका, आणि सरासरीही काढू नका. समजा तीन वेळचे आकडे ४००, ६०० आणि ९०,००० आले. सरासरी तीस हजारांवर जाते, पण ओढा तीस हजारांचा कधीच नव्हता. मधला आकडा घ्या, ६००. आणि ९०,००० का आला ते वेगळं शोधा. त्या दिवशी कुणीतरी मैल्याची टाकी रिकामी केली असेल.

एमपीएन हा अंदाज असतो. ५०० आणि ८०० यांत फरक आहे असं समजू नका. ५०० चे ५,००० झाले तर मात्र वर-खाली मधल्या पट्ट्यात काहीतरी शिरतंय.

८. किती वेळा?

निदान तीन ऋतूंत: थंडीत कोरड्या दिवशी, वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरींनंतर, आणि पाऊस लागून राहिल्यावर. कोरड्या दिवशी सापडतो तो पाइप, कारण बाकी काहीच वाहत नसतं. पहिल्या पावसात उकिरडे, शेणाचे ढीग, उघडी गटारं सगळी धुऊन येतात आणि वर्षातला सगळ्यात वाईट आकडा बहुधा तेव्हाच मिळतो. वेळ दर खेपेला तीच ठेवा. ऊन जंतू मारतं, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा आकडा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

९. पाइप सापडला, आता काय?

ओढ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकू नका. दर वर्षी कुणीतरी उत्साही माणूस हे सुचवतोच. घाण पाण्यात क्लोरिन घाणीशीच लढून संपतो, मासे मरतात आणि पाइप उद्या पुन्हा वाहतो. पावडर लागते ती पिण्याच्या साठ्याला: हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, अर्धा-एक तास थांबून मग वापर. उरलेला क्लोरिन जलसुरक्षकाकडच्या ओटी किटनं (रंगावरून क्लोरिन दाखवणारा छोटा संच) बघून घ्या. ज्यांच्या बोअरच्या पाण्याची एच-टू-एस बाटली काळी पडली त्यांनी तोवर पाणी उकळून प्यावं.

सेप्टिक टँक जंतू मारतो, हा मोठा गैरसमज आहे. टँकमध्ये गाळ बसतो, बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं. त्याला शोषखड्डा हवा, तोही विहीर-बोअरपासून निदान १५ ते २० मीटर लांब. टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. गाडीवाला मैला कुठे नेतो ते विचारा, कारण काही वेळा तो तुमच्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला रिकामा होतो.

गोठ्यांशी भांडू नका. शेण आधी खरडून उकिरड्यात किंवा गोबर गॅसला आणि मग धुणं, एवढं केलं तरी ओढ्यात जाणारं बरंच थांबतं. धुण्याचं पाणी गवताच्या तुकड्याला सोडता येतं. आमच्या मामांनी ते सगळ्यात आधी केलं. अपार्टमेंटला अकरा महिने लागले.

१०. कुणाच्या दारात जायचं

आधी हद्द बघा. कोल्हापूरच्या हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडल्यामुळे एक काठ महापालिकेचा आणि दुसरा ग्रामपंचायतीचा, असा प्रकार उपनगरांत सर्रास आहे. दोघेही समोरच्याकडे बोट दाखवतात. अर्ज दोघांनाही द्या, प्रत एकमेकांना, आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे अर्ज केलाच नाही. ग्रामपंचायत असेल तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागालाही प्रत. पिण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतींना धोक्याप्रमाणे लाल (सगळ्यात जास्त धोका), पिवळं, हिरवं कार्ड देतात, आणि लाल कार्डाला सरपंच घाबरतात.

सांडपाणी कारखान्याचं किंवा मोठ्या गृहप्रकल्पाचं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कोल्हापुरातलं प्रादेशिक कार्यालय. इथे एक खड्डा आहे. तुमचा लॅब अहवाल कितीही चोख असला तरी कायद्याच्या कारवाईत तो त्यांच्या नमुन्याची जागा घेत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानं, संबंधिताला नोटीस देऊन, ठरलेल्या पद्धतीनं नमुना घ्यावा लागतो. तुमचा कागद उपयोगी पडतो तो त्यांना नेमक्या जागी, नेमक्या वेळी बोलवायला. म्हणून अर्जात "ओढा प्रदूषित आहे" असं लिहू नका. लिहा: "डावा काठ, अमुक लोकेशन, सकाळी सहा ते आठ पाइप वाहतो, वरचा आकडा इतका, खालचा इतका, तीन तारखांचे अहवाल सोबत." पंचनाम्याला स्वतः हजर राहा आणि आदल्या दिवशी पाइप बंद झाला का त्यावर लक्ष ठेवा.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या अर्जाला एकोणतिसाव्या दिवशी आलं.

पाइप बंद झाला की त्याच दोन जागांचे, त्याच वेळचे नमुने पुन्हा घ्या. घाई करू नका, गाळातले जंतू काही आठवडे पाण्यात येत राहतात. आम्ही दीड महिन्यानं घेतले. अपार्टमेंटच्या खालचा आकडा वरच्याच्या बरोबरीला आला होता. वरचा मात्र अजूनही चढाच आहे, म्हणजे त्याच्या वर आणखी काहीतरी आहे. येत्या रविवारी सकाळी सहाला निघतोय.